योहाना किंकल : चरित्राआड राहिलेली गाणी

१८३८ साली जर्मनीतल्या संगीताच्या बाजारात एका नव्या रचनाकाराचे गीतसंग्रह आले. मुखपृष्ठावर नाव छापलं होतं ‘यो. माथ्यू’. पहिल्या नावाचं नुसतं आद्याक्षर, त्यामुळे गाणी बांधणारा पुरुष आहे की स्त्री हे कळायला काही मार्ग नव्हता. माथ्यू हे आडनाव कोलोनमधल्या पुस्तकं आणि संगीताचे कागद विकणाऱ्या एका व्यापाऱ्याचं होतं. त्याच्याशी तिचं १८३२ साली लग्न झालं होतं. छळाला कंटाळून सहा महिन्यांतच ती त्याचं घर सोडून आईवडिलांकडे परत आली होती. तो घटस्फोट देत नव्हता, म्हणून कायद्याने ती अजून त्याचीच बायको होती. ज्या माणसापासून ती पळाली त्याच्याच आडनावाने तिची गाणी जगापुढे गेली, आणि रॉबर्ट शूमानसारख्या जाणकाराने तिची एक रचना आपल्या नियतकालिकाच्या संगीत-पुरवणीत छापली तीही याच नावाने.

या बाईचं माहेरचं नाव योहाना मोकेल. जन्म ८ जुलै १८१०, बॉन. पुढे १८४३ साली दुसरं लग्न झाल्यावर ती योहाना किंकल झाली, आणि आज तिचं नाव निघतं ते याच आडनावाने. मात्र ते निघतं बहुतेक वेळा तिच्या नवऱ्याच्या गोष्टीत. गॉटफ्रीड किंकल हा १८४८-४९ च्या जर्मन क्रांतीतला गाजलेला माणूस. कवी, प्राध्यापक, बंडखोर, जन्मठेपेचा कैदी, आणि तुरुंगातून थरारक रीतीने सुटलेला वीर. त्या कथेत योहाना येते ती निष्ठावंत पत्नी म्हणून आणि शेवटी लंडनमधल्या एका खिडकीतून पडून मेलेली दुर्दैवी बाई म्हणून. मधली सगळी वर्षं तिने संगीताचं काम केलं. गाणी बांधली, गायनवृंद चालवला, लहान मुलांना आणि मोठ्यांना शिकवलं, संगीतावर लिहिलं, व्याख्यानं दिली, कादंबरी लिहिली. हे काम त्या दोन चित्रांच्या मागे दिसेनासं झालं. पुढच्या पानांत तिचं चरित्र क्रमाने येणारच आहे. ते वाचण्याआधी ही कामाची बाजू डोळ्यांसमोर यावी, एवढ्यासाठी ही प्रस्तावना.

तिने ज्या प्रकारात सर्वांत जास्त लिहिलं तो जर्मन कलागीताचा प्रकार मराठी वाचकाला परका वाटू नये. कवीची स्वतंत्र कविता घ्यायची, तिला चाल लावायची, एक गळा आणि पियानो एवढ्यावर ती उभी करायची. भावगीताच्या जवळचाच हा व्यवहार. फरक असा की इथे पियानोची साथ रचनाकार स्वतः सुरासुरांनिशी लिहून देतो आणि कवितेचा निम्मा अर्थ पुष्कळदा त्या साथीतच असतो. शूबर्टने या प्रकाराला जी उंची दिली तिच्यानंतर घरोघरच्या दिवाणखान्यांत ही गाणी म्हटली जाऊ लागली. दिवाणखाना हीच जागा बायकांना मोकळी होती. म्हणून एकोणिसाव्या शतकात जर्मन बायकांनी जे संगीत रचलं त्यात गीतांचा वाटा इतका मोठा आहे. सिंफनीला वाद्यवृंद लागतो, ऑपेराला नाट्यगृह लागतं, आणि या दोन्हींच्या किल्ल्या पुरुषांच्या हातात होत्या.

बॉन हे बीथोव्हनचं जन्मगाव. ज्या फ्रान्झ आन्टोन रीसने बीथोव्हनला लहानपणी व्हायोलिन शिकवलं होतं, तोच म्हातारपणी योहानाचा गुरू झाला. वडील शाळेत शिक्षक, घर कॅथलिक, मुलगी एकुलती एक. तिने स्वयंपाक आणि शिवणकाम नीट शिकावं अशी घरच्यांची इच्छा होती. तिने तेही शिकून घेतलं, पण जीव पियानोत होता. रीसच्या घरी जमणाऱ्या हौशी गायकांच्या मेळ्याची धुरा विशीच्या आतबाहेर असतानाच तिच्याकडे आली. त्या मेळ्यासाठीच १८३० च्या सुमारास तिने ‘पक्ष्यांचं कँटाटा’ ही पाच आवाजांची विनोदी रचना केली. सगळे पक्षी मिळून गाणं बसवायला जमतात, अशी तिची कल्पना. गायनाच्या तालमीतले रुसवेफुगवे जिने जवळून पाहिलेत, तिलाच हे सुचावं. छापताना तिला ‘कृती क्रमांक १’ हा मान मिळाला. पहिल्या कृतीत इतकं मोकळं हसणारे रचनाकार थोडेच आढळतील.

त्यानंतर माथ्यूशी लग्न झालं आणि मोडलं. पुढची काही वर्षं आजारपणात आणि वाट पाहण्यात गेली. वळण आलं १८३६ साली, फ्रांकफुर्टमध्ये. तिथे राहणाऱ्या डोरोथेआ श्लेगेलने तिची ओळख आपला भाचा फेलिक्स मेंडेलसोन याच्याशी करून दिली. सत्ताविशीतला मेंडेलसोन तोवर युरोपभर नावाजला होता. त्याने तिचं वाजवणं ऐकलं, तिच्या रचना पाहिल्या आणि रीतसर शिकायला हवं असा सल्ला दिला. संसार मोडलेल्या, सव्वीस वर्षांच्या एका बाईला त्या काळी कुणीतरी ‘तू हौशी नाहीस’ असं गंभीरपणे सांगणं ही फार मोठी गोष्ट होती. ती त्याच वर्षी बर्लिनला गेली.

बर्लिनमधली जेमतेम तीन वर्षं तिच्या संगीताच्या दृष्टीने सर्वांत भरीव ठरली. विल्हेल्म टाउबर्टकडे पियानो आणि कार्ल ब्योमरकडे रचनाशास्त्र ती शिकली. पोटासाठी शिकवण्या केल्या. काही काळ लेखिका बेटिना फॉन आर्निमच्या घरी राहून तिच्या मुलींना संगीत शिकवलं. बेटिना म्हणजे तरुणपणी गटेशी पत्रव्यवहार केलेली, राजालाही दोन शब्द सुनवायला न कचरणारी बाई. तिच्या घरात कवी, चित्रकार, विद्वान यांची सतत वर्दळ. त्या वर्दळीत योहानाला ओळखी मिळाल्या, पण स्वतःचा वेळ मिळेना, तेव्हा तिने वेगळी खोली घेतली. हा निर्णय लहान वाटतो, पण तिच्या आयुष्यातला नेहमीचा झगडा त्यात पहिल्यांदा स्पष्ट दिसतो. ओळखी, मान, माणसं यांपेक्षा टेबलापाशी बसायला दोन तास मिळणं हे तिला जास्त मोलाचं होतं.

बर्लिनमध्येच तिने फॅनी हेन्सेलच्या रविवारच्या मैफली पाहिल्या. फॅनी ही फेलिक्स मेंडेलसोनची थोरली बहीण, तोलामोलाची रचनाकार. तिच्या घरी भरणाऱ्या या मैफलींना शहरातले नामवंत येत. योहानाने आठवणींत लिहून ठेवलंय की, तिथे येऊन गेलेल्या मोठमोठ्या कलावंतांपेक्षाही, एवढंच काय फॅनीच्या पियानोपेक्षाही, तिच्या मनावर ठसली ती फॅनीची वृंदाचं संचालन करण्याची रीत. हाताच्या बारीकशा खुणेसरशी रचनेचा आत्मा गाणाऱ्यांत उतरायचा. हे टिपणारी नजर संचालकाची आहे. बॉनमध्ये तिने असा मेळा आधी हाताळला होता आणि पुढे पुन्हा हाताळणार होती. त्या काळात गायनवृंदासमोर उभी राहिलेली बाई दुसऱ्या बाईला पाहून काय शिकते, याची फार थोडी लेखी नोंद उरली आहे, त्यांतली ही एक.

छापलेली पहिली गाणी याच मुक्कामातली. कृती क्रमांक ७ च्या संग्रहात गटेची चंद्राला उद्देशून असलेली कविता आहे आणि हाइनेची ‘लोरेलाय’ आहे. ऱ्हाईनच्या अरुंद वळणावरच्या खडकावर बसून केस विंचरणारी, गाणाऱ्या आवाजाने नावाड्यांना भुलवून बुडवणारी ही लोरेलाय. हाइनेने ती कविता १८२४ साली लिहिली. जर्मनीत शाळकरी पोरांच्याही तोंडी आहे ती फ्रीडरिश झिल्शरची चाल. लोकगीतासारखी सोपी, ऐकताच बरोबर म्हणता येईल अशी. लिस्टने या कवितेला १८४१ मध्ये हात घातला, क्लारा शूमानने १८४३ मध्ये. योहानाचं गीत या दोघांच्या आधीचं आहे. झिल्शरच्या चालीत ती जुनी दंतकथा शांतपणे सांगितली जाते. योहानाची लोरेलाय म्हणायला गाणाऱ्याला खरोखर गाता यावं लागतं. इथे गोष्ट सांगण्यापेक्षा गोष्ट घडवण्याकडे कल आहे. या चार रचना एकापाठोपाठ ऐकाव्यात. एकच कविता चार माणसं किती वेगळ्या कानांनी वाचतात हे समजायला दुसरं साधन शोधायला नको.

तिचा स्वतःचा आवाज खालच्या पट्टीतला, आल्टो. पुष्कळ गाण्यांत हे जाणवतं. खालच्या स्त्री-आवाजासाठी तिने मुद्दाम संग्रह केला. उंच, नाजूक, तरल गळ्याला बायकांचा गळा म्हणण्याची तेव्हा रीत होती, आणि त्या रीतीत बसणारी गाणी सहज खपत. तिने आपल्या गळ्यातून सुचलेलं लिहिलं. शूमानने तिच्याकडून घेऊन छापलेली रचनाही दिवाणखान्यातल्या कोमल गाण्यांपैकी नव्हे, ते पुरुषांच्या वृंदाने म्हणायचं मद्यगीत होतं.

घटस्फोटाचं प्रकरण मार्गी लागावं म्हणून १८३९ साली ती बॉनला परतली. तिथे तिची गाठ गॉटफ्रीड किंकलशी पडली. तो तिच्याहून पाच वर्षांनी लहान, प्रोटेस्टंट धर्मशास्त्राचा अध्यापक, दुसऱ्या मुलीशी वाङ्‌निश्चय झालेला. ती कॅथलिक, घटस्फोटाच्या वाटेवरची. गावात बोलायला एवढं पुरेसं होतं. सप्टेंबर १८४० मध्ये ऱ्हाईनवरून येताना त्यांच्या होडीला आगबोटीची धडक बसली आणि दोघंही पाण्यात फेकली गेली. त्याने तिला ओढून बाहेर काढलं. लोरेलायला चाल लावून दोनच वर्षं झाली होती. त्या घटनेनंतर दोघांनाही आपलं मन कळून चुकलं. तरी लग्न व्हायला १८४३ चा मे उजाडावा लागला. ऱ्हाईनकाठी तेव्हाही नेपोलियनच्या काळातली फ्रेंच दिवाणी संहिता लागू होती, आणि तिच्यानुसार घटस्फोटानंतर तीन वर्षं पुन्हा लग्न करता येत नव्हतं. योहानाने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. लग्नाच्या साक्षीदारांत कवी इमानुएल गायबेल होता, ज्याच्या कवितांना तिने चाली लावल्या होत्या. या लग्नाची किंमत गॉटफ्रीडलाही मोजावी लागली. धर्मशास्त्राची वाट बंद झाली आणि तो कलेच्या इतिहासाकडे वळला.

लग्नाआधीच्या या तीन वर्षांतली सर्वांत आनंदाची गोष्ट म्हणजे मायकेफर मंडळ. मायकेफर म्हणजे मे महिन्यात झाडांवर घोंघावणारा तपकिरी भुंगा. २९ जून १८४० रोजी योहाना, गॉटफ्रीड आणि काही मित्रांनी हे साहित्यमंडळ सुरू केलं. दर आठवड्याला सभा. दर आठवड्याला एक हस्तलिखित अंक, त्याची एकच प्रत, जी सभासदांच्या घरोघर फिरायची. चाकोरीतल्या माणसांसाठी हे नियतकालिक नाही, अशी सूचना उपशीर्षकातच होती. लोकगाथांचा अभ्यासक कार्ल झिमरॉक या मंडळात होता. बॉनला शिकायला आलेला आणि पुढे रेनेसाँसच्या इतिहासासाठी जगन्मान्य झालेला याकोब बुर्कहार्टही होता. मंडळ चालवणारी मात्र योहाना. कविता, कथा, टीका, नाटुकली, बॉनच्या बोलीतला विनोद, सगळं ती लिही आणि इतरांचं लिखाण परखडपणे तपाशी. वर्धापनदिनी छोटेखानी संगीतिका होई, तिचं संगीत अर्थातच तिचं. १८४७ पर्यंत हा उद्योग चालला. ते हस्तलिखित अंक टिकले आहेत आणि गेल्या शतकाच्या अखेरीस बॉनमध्ये छापलेही गेले. एका छोट्या विद्यापीठगावात, एका बाईच्या हाताखाली, तरुण पुरुषांची एक पिढी लिहायला शिकत होती. हे दृश्य १८४० च्या दशकात युरोपात फार ठिकाणी दिसलं नसतं.

याच काळात तिने बॉनचा गायनवृंद चालवला. तालमी घेणं, स्वर बसवणं, पियानोवर साथ करणं, समोर उभं राहून संचालन करणं, ही सगळी कामं तिचीच.

१८४४ ते १८४८ या चार-साडेचार वर्षांत तिला चार मुलं झाली. बाळंतपणं, अंगावरची पोरं, गॉटफ्रीडची बेताची मिळकत आणि ती भरून काढायला पुन्हा शिकवण्या. नव्या गाण्यांचा ओघ इथे आटतो. तिची बहुतेक गाणी १८३८ ते १८५१ या तेरा वर्षांत छापली गेली आणि त्यांतही लिहून झालेली पुष्कळशी आधीच्या वर्षांतली. चरित्रकार इथून पुढे राजकारणाकडे वळतात, कारण तिथे नाट्य आहे. पण हे आटणं नीट पाहण्यासारखं आहे. प्रतिभा संपली असं मानायला काही आधार नाही, कारण तीच बाई याच वर्षांत कथा लिहिते, वृंद चालवते, मंडळ चालवते. कथा तुकड्यातुकड्यांत लिहिता येते, मूल झोपलं की दोन पानं, उठलं की लेखणी खाली. गीताचं तसं नसतं. पियानोपाशी सलग बसावं लागतं, वाजवून बघावं लागतं, घरात शांतता लागते. ते तास तिच्याकडे राहिले नाहीत.

१८४८ च्या मार्चमध्ये क्रांतीची लाट जर्मनीत आली. गॉटफ्रीड लोकशाहीवाद्यांचा पुढारी झाला आणि त्याने बॉनच्या वृत्तपत्राचं संपादन हाती घेतलं. योहानाने ‘लोकशाहीवाद्यांचं गीत’ लिहिलं. शब्दही तिचे, चालही तिची. दिवाणखान्यातल्या गाण्यांपेक्षा हे गाणं सर्वस्वी वेगळं. सभेत, रस्त्यावर, न शिकलेल्या गळ्यांनी एकत्र म्हणायचं. वृंदाला गाणं बसवून देण्याचा पंधरा-वीस वर्षांचा सराव तिला इथे कामी आला. मे १८४९ मध्ये झीगबुर्गच्या शस्त्रागारावर चाल करून जाण्याचा लोकशाहीवाद्यांचा प्रयत्न फसला आणि गॉटफ्रीड दक्षिणेकडे बाडेनच्या क्रांतिसेनेत गेला. तो गेल्यावर वृत्तपत्र चालवलं योहानाने. चार मुलं, त्यांत धाकटा वर्षाच्या आतबाहेर, आणि समोर रोजच्या बातम्या, अग्रलेख, सेन्सॉरची धास्ती.

२९ जून १८४९, म्हणजे मायकेफर मंडळाच्या वर्धापनदिनीच, गॉटफ्रीड जखमी होऊन प्रशियन सैन्याच्या हाती सापडला. लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली. तिची अंमलबजावणी साध्या गुन्हेगारांच्या तुरुंगात झाली. आधी पोमेरानियातल्या नाउगार्डला लोकर कातायची सक्तमजुरी, मग बर्लिनजवळच्या श्पांडाउला. त्याच वर्षी, १८४९ मध्ये, योहानाचा कृती क्रमांक २० प्रसिद्ध झाला. ‘गायनाचे पाठ’, तीन ते सात वर्षांच्या मुलांसाठी, पियानोच्या साथीसह छोटी छोटी गाणी आणि गळ्याचे व्यायाम. तिच्या थोरल्या मुलाचं वय तेव्हा पाच होतं. नवरा कैदेत, गाव दोन तटांत विभागलेलं, आणि बाई तीन वर्षांच्या मुलाच्या गळ्याला कोणते सूर झेपतात याचा काटेकोर विचार छापून देते आहे. तिच्या स्वभावाचा अंदाज घ्यायला ‘लोकशाहीवाद्यांच्या गीता’इतकंच हे पुस्तक हाताशी असायला हवं.

सुटकेची हकीकत गॉटफ्रीडचा विद्यार्थी कार्ल शुर्त्स याने आपल्या आत्मचरित्रात सविस्तर सांगितली आहे. हा शुर्त्स पुढे अमेरिकेत सिनेटर आणि अंतर्गत खात्याचा मंत्री झाला. पैसा उभा करणं, विश्वासू माणसं गाठणं, शुर्त्सशी संपर्क ठेवणं ही बाजू योहानाने सांभाळली. कैद्याची पत्रं तुरुंगाधिकारी वाचत. म्हणून तिने नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात संगीतशास्त्राची लांबलचक चर्चा केली, आणि तीत ‘फ्यूग’ या रचनाप्रकारावर पुन्हा पुन्हा भर दिला. फ्यूगमध्ये एक आवाज पुढे धावतो, दुसरा त्याचा पाठलाग करतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थच पलायन. धर्मशास्त्र शिकलेल्या गॉटफ्रीडला लॅटिन येत होतं, अधिकाऱ्याला ती संगीतवेड्या बायकोची बडबड वाटली. ६ नोव्हेंबर १८५० च्या रात्री एका पहारेकऱ्याला फितवून, गॉटफ्रीडला दोराने तुरुंगाच्या पोटमाळ्यावरून खाली उतरवण्यात आलं. घोडागाडीने रोस्टोक, तिथून जहाजाने स्कॉटलंड. १८५१ च्या सुरुवातीला योहाना मुलांना घेऊन लंडनला पोचली.

क्रांतीनंतरच्या लंडनमध्ये युरोपभरचे निर्वासित जमले होते. त्यांच्यात गट होते, भांडणं होती, एकमेकांवर पुस्तिका लिहिणं होतं. मार्क्स आणि एंगल्सने १८५२ साली या निर्वासित पुढाऱ्यांची टवाळी करणारं एक दीर्घ हस्तलिखित तयार केलं. त्यात गॉटफ्रीडचा समाचार आहेच, योहानाही ‘मोकेल’ या माहेरच्या नावाने त्यांच्या तडाख्यातून सुटलेली नाही. गॉटफ्रीड क्रांतीसाठी कर्ज उभारायला काही महिने अमेरिकेला गेला. इकडे घरभाडं, मुलांच्या शाळा, येणारेजाणारे निर्वासित आणि सकाळपासून पियानो-गायनाच्या शिकवण्या हे सगळं योहानाच्या अंगावर. लंडनमध्येच तिच्या जवळच्या झालेल्या माल्विडा फॉन मायझेनबुगने आपल्या आठवणींत या घराचं चित्र प्रेमाने रेखाटलं आहे. ते वाचताना त्या घराची ऊब जाणवते, आणि ती टिकवताना योहानाची होणारी दमछाकही.

या दमछाकीतूनच तिचं सर्वांत उपयोगाचं गद्य आलं. ‘पियानो-शिक्षणाविषयी मैत्रिणीला आठ पत्रं’ हे पुस्तक १८५२ साली कोटा या नामांकित प्रकाशनाने काढलं. शिक्षिकेने शिक्षिकेशी बोलावं तशी त्याची भाषा. मुलाला काय झेपतं, बोटांच्या कसरतीत कान मागे कसा पडतो, चारचौघांत वाजवून दाखवण्याच्या हव्यासाने शिकणं कसं बिघडतं, यावर ती अनुभवाने बोलते. तेव्हाच्या मध्यमवर्गात मुलीला पियानो येणं हे लग्नाच्या बाजारातलं भूषण होतं. योहाना त्या मुलीकडे संगीत समजू शकणारं माणूस म्हणून पाहते. पेटी शिकवणाऱ्या किंवा गाण्याच्या क्लासला मुलं आणून सोडणाऱ्या आजच्या मराठी माणसालाही या पत्रांतलं बरंचसं ओळखीचं वाटेल.

लंडनमध्ये ती संगीतावर व्याख्यानंही देत असे. शोपाँवरचा तिचा निबंध १८५५ चा. शोपाँला जाऊन तेव्हा सहाच वर्षं झाली होती. त्याच्या स्वरसंगतीत तिला बारा स्वरांच्या ठरलेल्या चौकटीपलीकडची ओढ ऐकू आली. पाव-स्वरांच्या दारावर हा रचनाकार धडका देतो आहे, असं तिने मांडलं. पाव-स्वरांत प्रत्यक्ष रचना करणारे युरोपीय संगीतकार विसाव्या शतकात पुढे आले. श्रुतींची चर्चा ऐकत वाढलेल्या आपल्याकडच्या रसिकाने हा निबंध जरूर पाहावा. तो छापला गेला १९०२ साली, ती गेल्यावर चव्वेचाळीस वर्षांनी.

‘हान्स इबेलेस लंडनमध्ये’ ही दोन खंडांची कादंबरीही तिच्या मागेच, १८६० साली आली. नायक एक जर्मन संगीतकार, क्रांतीत ओढला गेलेला आणि बायको-मुलांसह लंडनमध्ये परागंदा झालेला. कादंबरीचं लक्ष सभा-भाषणांपेक्षा घराच्या आत जास्त आहे. भाड्याच्या खोल्या, नोकर-मोलकरणी, इंग्रजी शिष्टाचार, शिकवण्यांचे पैसे, पुढारी नवऱ्याभोवती जमणाऱ्या भक्त बायका, आणि हे सगळं सावरणारी त्याची बायको डोरोथेआ. क्रांतीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. क्रांतिकारकाच्या घरात कोळसा कुठून आला आणि पोरांना जेवायला कुणी वाढलं, हे इतक्या बारकाईने लिहिणारी ती जवळजवळ एकटीच. तिच्या गद्यात ही कादंबरी सर्वांत वरची, असं खुशाल म्हणावं.

१५ नोव्हेंबर १८५८ रोजी लंडनमधल्या राहत्या घराच्या खिडकीतून पडून तिचा मृत्यू झाला. वय अठ्ठेचाळीस. बरीच वर्षं हृदयाचं दुखणं होतं. गुदमरल्यासारखं होऊन ती हवेसाठी खिडकीशी गेली आणि तोल गेला, असं एक म्हणणं. तिने जीव दिला अशी कुजबुजही तेव्हापासून आहे. यावर इथे अधिक लिहिण्यात अर्थ नाही. या एका क्षणावर इतकी शाई खर्च झाली आहे की तिच्या सत्तरहून अधिक गाण्यांच्या वाट्याला तितकी आली नाही. वोकिंगजवळच्या ब्रुकवुड दफनभूमीत तिला पुरलं. कवी फ्रायलिग्राथने तिच्यावर शोककविता लिहिली. गॉटफ्रीडने पुढे दुसरं लग्न केलं, झ्युरिकला प्राध्यापकी केली आणि १८८२ साली तो वारला. बॉनजवळच्या ओबरकासेलला त्याचं स्मारक उभं राहिलं.

गाण्यांचं काय झालं? एका गाण्याचं नशीब मोठं. ‘सरदाराचा निरोप’ ही तिची रचना पुरुष-वृंदांनी उचलली आणि ती इतकी रुळली की लोक तिला लोकगीत समजून गाऊ लागले. गाण्याला यापेक्षा मोठी दाद नाही, पण त्या दादीत बांधणारीचं नाव गळून पडलं. बाकीची ग्रंथालयांत राहिली, काही ‘माथ्यू’ या नावाखाली, काही ‘किंकल’ या नावाखाली. तिच्या आठवणी मुलाने १८८६ मध्ये बर्लिनच्या एका वृत्तपत्राच्या पुरवणीत छापल्या, त्याही विस्मरणात गेल्या. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बायकांच्या संगीताचा रीतसर शोध सुरू झाला तेव्हा हे सगळं पुन्हा वर आलं. मोनिका क्लाउसने २००८ मध्ये तिचं चरित्र लिहिलं आणि योहाना-गॉटफ्रीडचा प्रचंड पत्रव्यवहार संपादित करून दिला. आन्या बुन्झेलचा फक्त गाण्यांवरचा इंग्रजी ग्रंथ २०२० सालचा. म्हणजे गाणी हाच विषय मानून लिहिलेलं मोठं पुस्तक यायला तिच्या मृत्यूनंतर एकशे साठ वर्षं लागली.

पुढे येणारं चरित्र वाचताना एक सोय करून घ्यावी. आज तिच्या गीतांची ध्वनिमुद्रणं मिळतात. सोप्रानो इंग्रिड श्मिट्‌ह्यूझेन आणि पियानोवादक टोमास पाल्म यांनी बत्तीस गाण्यांची एक तबकडी केली आहे. बर्लिनच्या प्रकरणाशी आल्यावर ‘लोरेलाय’ आणि गटेचं चंद्रगीत ऐकावं, लगोलग क्लारा शूमानची लोरेलायही. मायकेफरची वर्षं वाचताना गायबेल आणि गॉटफ्रीडच्या कवितांवरची गाणी घ्यावीत. मग ‘लोकशाहीवाद्यांचं गीत’, आणि त्याच बैठकीत कृती क्रमांक २० मधली मुलांची दोन-चार गाणी. ती गाणी वाजवायला फार तयारीही लागत नाही. घरात कळफलकाचं कुठलंही वाद्य असेल आणि आठ-दहा वर्षांचं मूल ते शिकत असेल, तर छोट्या भावंडासाठी साथ त्यालाच करता येईल.